कोंडलेल्या पाखराचे रिज्क

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. फज्रची नमाज आटोपून मी चहा ठेवत होते. धाकटा मुलगा छतावरून धावत खाली आला.

"अम्मी, जल्दी चलो ना! सफेदी की मुंडी उल्टी हो गई!"

सफेदी म्हणजे आमचे पांढरे कबूतर. वर जाऊन पाहिले तर ते ढाबळीच्या कोपऱ्यात शेपटीवर बसले होते. मान पूर्ण मागे पाठीवर टाकलेली, चोच आभाळाकडे. जणू कुणी डोके धरून मागे ओढून ठेवले आहे. हाताने मान सरळ केली की क्षणभर राहायची, सोडली की पुन्हा मागे. उभे करायला गेले तर पायात जोर नव्हता. आदल्या संध्याकाळपर्यंत ते बरे होते, असे मुलगा शपथेवर सांगत होता.

घरात तितकी तोंडे तितकी मते. सासूबाई म्हणाल्या, "नजर लगी है, पांढऱ्या जिनावराला लवकर लागते." शेजारच्या खाला म्हणाल्या लकवा आहे, लसूण जाळलेले तेल चोळा. मी स्वतः म्हणाले की जाळीवर आपटले असेल, दोन दिवसांत बरे होईल. सासूबाईंनी सूरह पढून दम केला, खालांचे तेल चोळून झाले, मी हळदीचे पाणी चोचीत सोडले. हिंगोली जिल्ह्यात राहून हळदीवर विश्वास नसेल तर मग कुठे असणार? चौथ्या दिवशी सकाळी सफेदी मेले. त्याच दिवशी दुपारी दुसरे कबूतर, चितकबरे, चालताना झोकांड्या खाऊ लागले. तेव्हा कुठे आम्ही त्याला भोके पाडलेल्या बुटांच्या खोक्यात घालून पशुवैद्यकीय दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी कबुतराला हात लावण्याआधी विचारले, "खायला काय घालता?"

"पोटभर घालतो, सर. कधी कमी पडू देत नाही."

"पोटभर काय?"

"तांदूळ."

"फक्त तांदूळ? किती दिवसांपासून?"

मी हिशेब केला आणि माझीच मान खाली गेली. उन्हाळ्याच्या अखेरीस एका बोक्याने आमचे एक कबूतर नेले होते. त्या भीतीने आम्ही ढाबळीला जाळी ठोकून कबुतरे बंद केली होती. ज्वारी महाग म्हणून किराणा दुकानातून तांदळाची कणी आणत होतो. पांढरी स्वच्छ कणी, तीही मुलगा दोनदा धुऊन घालायचा. दीड महिना कबुतरांच्या पोटात दुसरे काही गेले नव्हते. मी शाळेत मुलांना चौरस आहाराचा तक्ता शिकवते. फळ्यावर अ, ब, क, ड जीवनसत्त्वे लिहून पाठ करून घेते. आणि माझ्याच घराच्या छतावर हे चालले होते.

डॉक्टरांनी चितकबऱ्याला वजनाच्या हिशेबाने बी-१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले आणि स्पष्ट सांगितले, "ही लक्षणे एका विषाणूच्या रोगातही दिसतात. नुसते बघून खात्री देता येत नाही. याला बाकीच्यांपासून वेगळे ठेवा. अन्नाची कमतरता असेल तर आजच फरक दिसेल." दुपारी इंजेक्शन झाले. मगरिबच्या अजानपर्यंत ते पाखरू दोन्ही पायांवर उभे होते. मुलाला झालेला आनंद मी सांगू शकत नाही. त्याने पुढे जो प्रश्न विचारला तोही मी विसरू शकत नाही: "अम्मी, सफेदी को भी पहले दिनच लाते तो?"

पांढऱ्या तांदळाने पक्ष्याची मान वळते आणि पाय जातात, हे कळायला जगाला एका कोंबड्यांच्या खुराड्याची मदत झाली होती. ही गोष्ट सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. जावा बेटावर बटाविया, म्हणजे आजचे जकार्ता, येथे ख्रिस्तियान आईकमन नावाचे डच डॉक्टर बेरीबेरी या रोगाचा शोध घेत होते. या रोगात माणसाच्या पायातले बळ जाई, हृदय थकून माणूस मरे. सैनिक, कैदी, मजूर शेकड्यांनी दगावत. सगळ्यांचा समज होता की हा जंतूंचा रोग आहे. १८८९ च्या सुमारास प्रयोगशाळेच्या अंगणातल्या कोंबड्या अचानक लंगडू लागल्या, पडू लागल्या, त्यांच्या माना वळल्या. आईकमननी जंतू शोधले, सापडले नाहीत. आणि काही महिन्यांनी कोंबड्या आपोआप बऱ्या झाल्या!

चौकशी केली तेव्हा गंमत कळली. कोंबड्या सांभाळणारा माणूस लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातून उरलेला पांढरा भात आणून त्यांना घालत होता. पुढे तिथला आचारी बदलला. नवा आचारी शिस्तीचा. लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना का द्यायचा, म्हणून त्याने भात बंद केला. कोंबड्या पुन्हा कोंडा असलेल्या साध्या तांदळावर आल्या आणि उभ्या राहिल्या. त्या हिशेबी आचाऱ्याचे नाव कुणी लिहून ठेवले असते तर बरे झाले असते, असे मला नेहमी वाटते.

आईकमनना आधी वाटले की पांढऱ्या तांदळात काही विष असेल आणि कोंड्यात त्याचा उतारा. त्यांच्यामागून आलेल्या गेरिट ग्रिन्स यांनी १९०१ मध्ये बरोबर उलगडा केला. तांदळात विष नाही. सडताना जे निघून जाते, त्याची उणीव हाच रोग. १९१२ मध्ये काझिमिर फुंक यांनी अशा पदार्थांना 'व्हिटामिन' हा शब्द दिला. ते प्रयोग करत होते कबुतरांवर. पांढऱ्या तांदळावर ठेवलेल्या कबुतराची मान मागे वळे, आणि कोंड्याचा अर्क दिला की काही तासांत सरळ होई. आमच्या छतावर मगरिबच्या वेळी दिसले तेच. आईकमनना १९२९ मध्ये नोबेल मिळाले.

आपल्या देशातही हे काम कबुतरांपासूनच वाढले. तमिळनाडूतल्या कुन्नूर येथे १९१८ मध्ये रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी एका खोलीत बेरीबेरीचा अभ्यास सुरू केला, तोही सडलेल्या तांदळावर ठेवलेल्या कबुतरांवर. ती खोली वाढत वाढत मोठी संस्था झाली आणि १९५८ मध्ये हैदराबादला आली. आज ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. आपल्या शाळांतल्या आहाराच्या तक्त्यामागे अशा किती पाखरांचे प्राण आहेत, हे वर्गात कधी सांगितले जात नाही.

बी-१ चे काम थोडक्यात असे. दाण्यातल्या पिठूळ भागापासून शरीराला शक्ती मिळायची तर हे जीवनसत्त्व हवेच. मेंदू आणि नसा त्या शक्तीवरच चालतात. म्हणजे पांढरा तांदूळ जितका जास्त खाल्ला, तितकी बी-१ ची गरज वाढते, आणि तांदळात तर ते नसते. सडताना कोंड्याबरोबर गेलेले, उरलेसुरले धुण्यात गेलेले. शरीरात त्याचा साठा फार थोडा असतो. तो संपेपर्यंत पाखरू दाणे टिपते, घुमते, उडते. मग एका सकाळी मान पडते आणि आपण म्हणतो, अचानक झाले. त्या सकाळी काही झालेले नसते. जे व्हायचे ते आदल्या दीड महिन्यात, रोज थोडे थोडे, आपल्याच हाताने झालेले असते.

मग मोकळ्या कबुतरांना हे का होत नाही? तीही आपल्या दारात तांदूळ टिपतातच की. पण ती इथून उडून शेतात जातात, कुठे ज्वारी, कुठे मूग, कुठे तणाचे बी, कुठे भिंतीचा चुना. आपल्याला काय कमी आहे ते त्यांचे शरीर शोधून काढते. प्रेषितांनी (स.) अल्लाहवरील भरवशाची मिसाल देताना पाखराचेच उदाहरण दिले आहे: सकाळी रिकाम्या पोटी निघते, संध्याकाळी भरल्या पोटी परत येते. ही हदीस मी किती वेळा ऐकली असेल, पण त्यातल्या 'निघते' या शब्दाकडे माझे लक्ष सफेदी मेल्यावर गेले. आम्ही तर त्याचे निघणेच बंद केले होते. आणि दुसरी हदीस आठवून तर अंगावर काटा आला. त्या स्त्रीची, जिने मांजर बांधून ठेवले. स्वतः खायला दिले नाही आणि मोकळे सोडून जमिनीवरचे किडेमुंगी खाऊही दिले नाही, आणि त्यापायी ती आगीची धनीण झाली. आम्ही उपाशी ठेवले नव्हते हे खरे. पण कोंडलेल्या जिवाला एकच एक अन्न घालणे हे देखील त्याच्या वाटचे रिज्क अडवणेच झाले.

पाखरू पाळणे वाईट, असे मी म्हणत नाही. हजरत अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाचे, अबू उमैरचे, छोटे पाखरू मेले तेव्हा प्रेषित (स.) त्या मुलाजवळ त्या पाखराची लाडाने विचारपूस करत. उलेमांनी त्यावरून पाखरू पाळायला परवानगी सांगितली आहे, पण त्याच्या खाण्यापिण्याची जबाबदारी घेण्याच्या अटीवर.

आता कबुतरांशिवाय आपल्या घरांत असतात त्या कोंबड्या. पुष्कळ विधवा आणि गरीब बहिणींचा हातखर्च अंड्यांवर चालतो, म्हणून हे कान देऊन वाचावे. कोंबडीच्या एका अंड्याच्या टरफलात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असते. रोज अंडे देणाऱ्या कोंबडीला ते खाण्यातून मिळाले नाही तर ती स्वतःच्या हाडांतून काढते. आधी टरफल पातळ होते. मग एक दिवस कोंबडी बसल्या जागेवरून उठत नाही. आपण समजतो वात आला. अंड्याची टरफले उकळून, वाळवून, कुटून खाद्यात घालायला काही खर्च नाही. चुनखडीचे बारीक खडेही चालतात. आणि ऊन हवे, कारण उन्हाशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन त्या कामाचे नाही, ते उघड्यावरचेच लागते. बाथरूमच्या कोपऱ्यात टोपलीखाली वाढवलेल्या पिलांचे पाय वाकडे होतात ते याचमुळे.

पिलांच्या पायाची बोटे मुठीसारखी आत वळली, पिलू घोट्यांवर चालू लागले, तर बी-२ ची कमतरता समजावी. मेथी, शेवग्याचा पाला, थोडे दूध-दही यांत ते असते. लवकर दिले तर पाय सुधारतात, उशीर झाला तर नाही. खवट झालेले खाद्य, जुनी पेंड, बुरशी लागलेला मका यांनीही पिले उलथून पडतात. पावसाळ्यात पोत्याच्या तळाचे काळपट दाणे कोंबड्यांना टाकायची आपल्याकडे रीत आहे. माणसाला नको ते जनावराला चालते, हा विचार सोडला पाहिजे.

आपल्या भागासाठी आणखी दोन गोष्टी. सोयाबीन सगळ्यांच्या घरात असते, पण कच्चे सोयाबीन पक्ष्यांना पचत नाही, त्यातला एक घटक प्रथिने पचू देत नाही. द्यायचेच तर चांगले भाजून. आणि पेरणीच्या दिवसांत गुलाबी, लाल, हिरव्या रंगाचे औषध लावलेले बियाणे उरते. ते चुकूनही अंगणात झटकू नये. त्याने पक्षी थरथरतो, मान लटकते, पंख पसरतात आणि तासाभरात जातो. तिथे कोणतेच जीवनसत्त्व कामाचे नाही.

शेजारच्या एका घरी आमच्यानंतर महिनाभरात नऊ कोंबड्यांच्या माना वळल्या. त्यांनी आमचे ऐकून जीवनसत्त्वाचे औषध पाण्यातून दिले. सात कोंबड्या मेल्या. ती होती मानमोडी, म्हणजे राणीखेत. नाव कुमाऊँमधल्या राणीखेत गावावरून पडले. रोग विषाणूचा आहे, तो आहाराने होत नाही आणि आहाराने जात नाही. हिरवट पातळ विष्ठा, धाप, एकीमागून एक कोंबडी आजारी पडणे या त्याच्या खुणा. औषध नाही, लस आहे: पिलू आठवडाभराचे असताना लासोटा, पुढे सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यावर दुसरी. कबुतरांतही याच घराण्यातला विषाणू असतो. त्यात कबूतर भरपूर पाणी पिते, विष्ठा पाण्यासारखी होते, दाण्यावर चोच मारते आणि नेम चुकतो. म्हणून माझी गोष्ट वाचून कुणी घरच्या घरी इंजेक्शन शोधू नये. कोंबड्यांच्या रक्ती हगवणीवर पाण्यात घालायची काही औषधे प्रमाण न पाहता दिली तर तीच बी-१ चे काम अडवतात, हेही डॉक्टरांनी सांगितले.

आणि एकाच वेळी पुष्कळ पक्षी मेले तर मेलेल्याला हात लावू नये, हलाल करायला घेऊ नये, नाल्यात फेकू नये, दवाखान्याला कळवावे. आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंबा गावी जानेवारी २०२१ मध्ये आठशेच्या आसपास कोंबड्या काही दिवसांत मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. १९६२ या क्रमांकावर फोन केला तर पशुवैद्यकीय मदत मिळते.

पिंजऱ्यातल्या रंगीत पाखरांबद्दल थोडे. बाजारात ज्यांना सगळे लव्हबर्ड म्हणतात ते बहुतेक बजरीगर असतात, मूळचे ऑस्ट्रेलियाचे. दुकानदार राळ्याची पिशवी देतो आणि आपण वर्षभर राळाच घालतो. मादी अंड्यावर आली आणि अंगात कॅल्शियम नसले की अंडे आत अडकते. मादी पिसे फुगवून पिंजऱ्याच्या तळाला पाय फाकवून बसते, शेपटी वरखाली होते. ही तासांची बाब आहे. ऊब द्यावी आणि लगेच डॉक्टर गाठावा, पोट दाबून अंडे काढायला जाऊ नये. समुद्रफेसाचा तुकडा काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. तो पिंजऱ्याला अडकवला तर पाखरू हवे तेव्हा कुरतडते. सोबत मोड आलेले मूग, कोथिंबीर, शेवग्याचा पाला. चहात बुडवलेले बिस्किट, शेव, फरसाण हे लाड माणसांचेच करावेत.

मिठ्ठूचे मात्र सांगितलेच पाहिजे, कुणाला वाईट वाटले तरी. आपला हिरवा पोपट पाळणे, विकणे, विकत घेणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. लाल मुनियाही त्यातच येते. ढोलीतून पिसे न फुटलेली पिले काढून आणतात, भात आणि चपातीवर वाढवतात, आणि त्यांतल्या अनेकांचे पाय जन्मभर वाकडे राहतात. घरात पोपट असेल तर वन विभागाला विचारून द्यावा. वर्षानुवर्षे पिंजऱ्यात राहिलेला पोपट एकदम छतावरून सोडून देणे ही दया नाही, त्याला उडता येत नाही आणि कावळे त्याला सोडत नाहीत.

आमच्या ढाबळीत आता असे चालते: ज्वारी, बाजरी, भरडलेला मका, गहू, आणि त्यात पाव हिस्सा मूग, मसूर, वाटाणा. आपल्याकडे करडई होते, तीही मूठभर. कबुतरे तिच्यावर तुटून पडतात. तांदूळ वर्ज्य केलेला नाही, पण मिसळणातला एक म्हणूनच. एका फुटक्या बशीत विटेचा चुरा, चुनखडी, कुटलेली टरफले आणि चिमूटभर मीठ. हे खडे लागतातच, कारण पाखराला दात नाहीत. कोंबडी साफ करताना जी पथरी निघते, संगदाना, तिच्यात हेच खडे दाणे दळतात. खर्च कणीपेक्षा वाढला, खोटे कशाला सांगू. म्हणून सात कबुतरांची आम्ही चार केली, तीन मुलाच्या मामाकडे पाठवली. जेवढ्यांना नीट खाऊ घालता येईल तेवढीच ठेवायची, असे घरात ठरले.

जाळीला मुलाने दार केले आहे. असरनंतर तो ते उघडतो आणि बोक्यावर नजर ठेवून काठी घेऊन स्वतः छतावर बसतो. गृहपाठाची वहीही वरच नेतो. कबुतरे दर्ग्याच्या बाजूने दोन फेऱ्या मारतात, पलीकडच्या शेतात उतरतात आणि मगरिबच्या आत परततात. सासूबाई अजूनही त्यांच्यावर सूरह पढून फुंकर घालतात. हल्ली फुंकर घातल्यावर त्या मुलाला विचारतात, "आज क्या डाला रे इनको?" आणि तो सगळी नावे मोजून सांगतो.